प्रश्न तुमचे : इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखालची पातळ फिल्म

या महिन्याच्या टपालात ठाणे, कळवा आणि ऐरोलीपासून नेरूळपर्यंतची पत्रं आहेत आणि त्यांतली बरीचशी एकाच विषयावरची: सेमीकंडक्टरच्या पातळ फिल्मचं एसईएम (पृष्ठभागावर इलेक्ट्रॉन बीम फिरवून चित्र काढणं) आणि टीईएम (पातळ नमुन्यातून बीम आरपार नेऊन आतली रचना पाहणं). सारखे प्रश्न एकत्र केले आहेत. उत्तरं कुठे लांबली आहेत, कुठे चार ओळींत संपली आहेत. प्रश्नच तसे होते.

काचेवर स्प्रे पायरोलिसिसने (तापलेल्या काचेवर द्रावण फवारून) झिंक ऑक्साइडची फिल्म केली आहे. एसईएममध्ये चित्र सरकतं, कडा पांढऱ्याफेक होतात. ऑपरेटरने सोन्याचा लेप दिल्यावर चित्र स्थिर झालं आणि १० नॅनोमीटरचे छान गोल कण दिसले. ते प्रबंधात घालू का?
पीएचडी विद्यार्थिनी, ऐरोली

घालू नका. ते कण तुमच्या फिल्मचे नसून सोन्याचे असावेत अशी दाट शक्यता आहे. स्पटर केलेलं, म्हणजे आयनांच्या माऱ्याने उडवून बसवलेलं सोनं सलग बसत नाही. आधी त्याची बेटं बनतात, मग ती एकमेकांना चिकटतात. ही बेटं ५ ते १५ नॅनोमीटरची असतात आणि ५० हजार पटींच्या पुढे स्पष्ट दिसतात. खात्री करायची तर त्याच वेळी, त्याच चेंबरमध्ये कोऱ्या काचेच्या तुकड्यावरही लेप द्या आणि तो तुकडा त्याच मॅग्निफिकेशनला पाहा. तिथेही तेच गोल कण दिसले तर प्रश्न मिटला.

आता मूळ दुखणं. काच वीज वाहून नेत नाही, त्यामुळे बीमने आणलेला चार्ज फिल्मवर साठतो. बहुतेक जण काचेच्या खाली कार्बन टेप लावतात आणि काम झालं असं समजतात. टेप आणि फिल्म यांच्यामध्ये एक मिलिमीटर जाडीची काच आहे, मग चार्ज उतरणार कुठून? फिल्मच्या वरच्या पृष्ठभागापासून काचेच्या कडेवरून खाली स्टबपर्यंत (नमुना बसवायची धातूची चकती) सिल्व्हर पेस्टची रेघ ओढा, शक्यतो दोन बाजूंनी. पेस्ट पूर्ण वाळू द्या: ६० अंशांवर अर्धा तास, नाहीतर रात्रभर. ओली पेस्ट चेंबरमध्ये गेली तर व्हॅक्यूम लवकर चढत नाही आणि पेस्टमधलं सॉल्व्हंट तुमच्याच फिल्मवर बसतं.

"माझी फिल्म फारशी कंडक्टिव्ह नाही, मग रेघेचा काय उपयोग?" असं वाटेल. हिशेब करून पाहा. बीमचा करंट १०० पिकोअँपिअर धरा आणि फिल्मपासून स्टबपर्यंतचा रोध १ गिगाओहम. गुणाकार येतो ०.१ व्होल्ट. एवढ्याने चित्र हलत नाही. साधा मल्टिमीटर काही दशक मेगाओहमच्या पुढे हात वर करतो, म्हणून त्याने 'ओपन' दाखवलं तरी निराश होऊ नका. रेघ ओढाच.

एवढं करूनही चार्जिंग राहिलं तर व्होल्टेज कमी करा. १५ केव्हीवरून २ केव्हीवर, मग १.५, मग १ असं उतरत जा. काचेसारख्या पदार्थात १ ते ३ केव्हीच्या आसपास एक टप्पा येतो. तिथे आत जाणारे आणि बाहेर पडणारे इलेक्ट्रॉन जवळपास बरोबरीला येतात आणि चित्र आपोआप शांत होतं. फील्ड एमिशन गन असेल तर या व्होल्टेजलाही बारकावे मिळतात. टंगस्टन फिलामेंटच्या मशीनवर मात्र चित्र धूसर होईल. तिथे लेप घ्यावाच लागतो, पण २ ते ३ नॅनोमीटर प्लॅटिनम किंवा इरिडियमचा मागा. सोनं-पॅलेडियम सोन्यापेक्षा बरं. क्रोमियम सर्वांत बारीक बसतं, पण हवेत लगेच ऑक्साइड होतं, म्हणून लेप दिल्या दिवशीच पाहावं लागतं.

एक सवय लावून घ्या. फोकस आणि अ‍ॅस्टिग्मॅटिझम एका जागी लावा आणि फोटो शेजारच्या कोऱ्या जागी काढा. एकाच चौकोनावर पाच मिनिटं बीम ठेवला की तिथे कार्बनचा काळा डाग बसतो, आणि फिल्मवर 'वेगळी फेज' (वेगळ्या रचनेचा पदार्थ) सापडल्याचा आनंद विनाकारण होतो.

३०० नॅनोमीटर जाडीच्या त्याच प्रकारच्या फिल्मचं ईडीएस (नमुन्यातून निघणाऱ्या एक्स-रेवरून मूलद्रव्यांचं प्रमाण मोजणं) १५ केव्हीवर केलं. झिंक २१ अणु टक्के, ऑक्सिजन ५८, उरलेलं सिलिकॉन, सोडियम, कॅल्शियम. फिल्म अशुद्ध आहे का?
एम.एस्सी. विद्यार्थी, कोपरखैरणे

फिल्मबद्दल या आकड्यांवरून काहीच म्हणता येत नाही, कारण तुम्ही मोजलीत ती मुख्यतः काच. झिंक ऑक्साइडमध्ये १५ केव्हीचा इलेक्ट्रॉन साधारण १.४ मायक्रॉन खोल जातो. फिल्म ०.३ मायक्रॉनची आहे. म्हणजे बीम फिल्म ओलांडून काचेत घुसतो, आणि खिडकीच्या काचेत सिलिकॉन, ऑक्सिजन, सोडियम, कॅल्शियम, मॅग्नेशियम सगळं हजर असतं. ५ केव्हीवर हीच खोली सुमारे ०.२२ मायक्रॉनवर येते, आणि मग माहिती फिल्मच्या आतूनच येते.

खोलीचा अंदाज कानाया-ओकायामा सूत्राने काढता येतो. अणुभार गुणिले ०.०२७६ गुणिले व्होल्टेजचा १.६७ वा घात (केव्हीमध्ये), भागिले घनता आणि अणुक्रमांकाचा ०.८९ वा घात. उत्तर मायक्रॉनमध्ये येतं. संयुगासाठी अणुभार आणि अणुक्रमांक वजनाच्या प्रमाणात सरासरी काढून घाला. घातामुळे व्होल्टेजचा परिणाम केवढा होतो ते शुद्ध सिलिकॉनवर पाहा: २० केव्हीला ४.७ मायक्रॉन, १० ला १.५, ५ ला ०.४७ आणि २ ला फक्त ०.१. मशीनवर जायच्या आधी स्वतःच्या पदार्थासाठी असा तक्ता वहीत करून ठेवा. पाच मिनिटांचं काम आहे.

५ केव्हीवर एक अडचण येते. ईडीएसमध्ये मूलद्रव्य ओळखतात ते त्याच्या एक्स-रेच्या ठरलेल्या ऊर्जेवरून, म्हणजे 'रेषे'वरून. झिंकची ८.६४ केईव्हीची के-अल्फा रेषा मिळणार नाही, १.०१ ची एल रेषा वापरावी लागेल. सोडियमची रेषा १.०४ वर आहे. डिटेक्टरला या दोन वेगळ्या करता येत नाहीत. सॉफ्टवेअर कधी झिंकला सोडियम म्हणतं, कधी उलट. म्हणून दोन मोजमापं घ्या: ५ केव्हीवर झिंक-ऑक्सिजनचं प्रमाण आणि १५ केव्हीवर, के-अल्फा पाहून, झिंक आहे याची खात्री. फिल्म ४५०-५०० अंशांवर भाजली असेल तर काचेतलं सोडियम खरोखरच फिल्ममध्ये चढलेलं असू शकतं. त्याचा निकाल ईडीएसवर लावू नका.

याहून सोपा उपाय म्हणजे त्याच बॅचमध्ये एक सिलिकॉनचा तुकडा ठेवणं. सिलिकॉनवर नैसर्गिक ऑक्साइड एक-दोन नॅनोमीटरचंच असतं, त्यामुळे जो ऑक्सिजन दिसेल तो जवळजवळ सगळा फिल्मचा. मात्र सिलिकॉनवर फिल्म काचेवरच्यासारखीच वाढते असं गृहीत धरू नका. घटकांचं प्रमाण सिलिकॉनवर मोजा, आकार-रचना काचेवर पाहा.

सल्फाइडवाल्यांसाठी जोडूनच सांगतो. गंधकाची रेषा २.३०७ केईव्हीवर, मॉलिब्डेनमची २.२९३ वर आणि शिशाची २.३४५ वर. म्हणजे मॉलिब्डेनमचा थर दिलेल्या काचेवर सीझेडटीएसची (तांबं, झिंक, कथील आणि गंधक यांचं संयुग) फिल्म केली आणि बीम खाली पोचला, की गंधक भरमसाट वाढलेलं दिसतं. 'सल्फर-रिच फिल्म' हा निष्कर्ष काढण्याआधी मॉलिब्डेनम डोकावतंय का ते पाहा. सोन्याचा लेपही गंधकाला त्रास देतो, कारण सोन्याची रेषा २.१२ वर, अगदी शेजारी. ईडीएससाठी लेप हवाच असेल तर कार्बनचा घ्या.

आणि स्टँडर्डशिवाय केलेल्या ईडीएसमध्ये '४९.३७ टक्के' लिहिण्यात अर्थ नाही. हलक्या मूलद्रव्यांत चूक सहज काही टक्क्यांची असते. ४९ लिहा.

एक्सआरडीवरून (एक्स-रे डिफ्रॅक्शन) क्रिस्टलाइट (सलग एकाच स्फटिकाचे तुकडे) २२ नॅनोमीटर आले, एसईएममध्ये दाणे ९० नॅनोमीटरचे दिसतात. परीक्षकांनी विचारलं, खरं कोणतं?
संशोधक विद्यार्थी, कळवा

दोन्ही खरे असू शकतात. एसईएममध्ये दिसतो तो ढीग, आणि एका ढिगात अनेक क्रिस्टलाइट असू शकतात. शिवाय नेहमीच्या थीटा-टूथीटा मांडणीत शेरर सूत्र (एक्सआरडी पीकच्या रुंदीवरून आकार काढणारं) फिल्मच्या जाडीच्या दिशेची लांबी सांगतं, तर एसईएम वरून रुंदी दाखवतं. दोन वेगळ्या दिशांची मापं जुळायलाच हवीत असा नियम नाही.

आधी मात्र गणित तपासा. ३४.४ अंशांवरच्या (००२) पीकची (हा स्फटिकातल्या थरांच्या संचाचा क्रमांक) रुंदी ०.३८ अंश असेल तर तिचे रेडियन करायचे: ०.००६६३. मग ०.९ गुणिले ०.१५४०६, भागिले ०.००६६३ आणि कोसाइन १७.२ अंश. येतात २१.९ नॅनोमीटर. कोसाइनमध्ये ३४.४ टाकणं ही पहिली नेहमीची चूक. दुसरी चूक म्हणजे मशीनची स्वतःची रुंदी वजा न करणं. ती वजा केली नाही तर आकार खऱ्यापेक्षा लहान येतो. फिल्ममधला ताणही पीक रुंद करतो.

वाद कायमचा मिटवायचा असेल तर टीईएममध्ये डार्क फील्ड चित्र घ्या. डिफ्रॅक्शनच्या एका रिंगचा छोटा भाग ऑब्जेक्टिव्ह अ‍ॅपर्चरने निवडला की त्या दिशेला वळलेले क्रिस्टलाइट तेवढे उजळतात आणि एकेकाचा आकार थेट मोजता येतो.

दाणे मोजताना किमान दोनशे-तीनशे मोजा, तेही चार-पाच वेगळ्या जागांवरून. एका फोटोतले दहा ठसठशीत दाणे निवडून 'सरासरी' लिहिण्याची पद्धत बंद व्हायला हवी.

फोटोखाली 'एक लाख पट' छापलं तर चालेल ना?
ठाणे

चालतं, पण त्याला अर्थ उरत नाही. फोटो पानावर लहान-मोठा केला की 'पट' बदलते, स्केल बार मात्र फोटोबरोबर बदलतो. स्केल बार ठेवा. फोटो टिफमध्येच घ्या, कारण जेपेगमध्ये बारीक कडा पुसट होतात. १०२४ पिक्सेलमध्ये ३ मायक्रॉनची रुंदी असेल तर एक पिक्सेल जवळपास ३ नॅनोमीटरचा होतो. अशा फोटोत १० नॅनोमीटरचा दाणा म्हणजे साडेतीन ठिपके. त्यावरून आकाराचा हिस्टोग्राम काढू नये.

टीईएमसाठी फिल्म खरवडून ग्रिडवर (नमुना ठेवायची बारीक जाळी) टाकली तर पुरेल, की क्रॉस-सेक्शनच (फिल्मचा उभा छेद) हवं? क्रॉस-सेक्शन कसं करतात ते नीट सांगा.
दोन पत्रं, घणसोली आणि नेरूळ

तुम्हाला काय जाणून घ्यायचं आहे त्यावर ते ठरतं. फेज कोणती, क्रिस्टलाइट केवढे, एवढंच हवं असेल तर खरवडणं पुरतं. दाणे काचेपासून वर खांबासारखे वाढलेत का, दोन थरांच्या सीमेवर काही तिसरंच तयार झालंय का, हे विचारायचं असेल तर क्रॉस-सेक्शनला पर्याय नाही. खरवडल्यावर 'वर' आणि 'खाली' हे शब्दच नाहीसे होतात.

खरवडताना नवं ब्लेड घ्या आणि हलका हात ठेवा. जोर दिला तर काचेचे कपचे निघतात. ते टीईएममध्ये अमॉर्फस (स्फटिकरचना नसलेले) दिसतात, आणि मग प्रबंधात 'अमॉर्फस फेज' अवतरते. एक चौरस सेंटिमीटर क्षेत्रातून ३०० नॅनोमीटरच्या झिंक ऑक्साइड फिल्मचे जेमतेम ०.१७ मिलिग्रॅम निघतात, त्यामुळे भुकटी डोळ्यांना दिसली नाही तर घाबरू नका. २ मिलिलिटर आयसोप्रोपेनॉलमध्ये ५ ते १० मिनिटं सोनिकेट करा (ध्वनिलहरींनी ढवळा), दोन-तीन मिनिटं स्थिर ठेवा म्हणजे मोठे तुकडे खाली बसतील. वरच्या द्रवाचा ५ मायक्रोलिटरचा थेंब चिमट्यात धरलेल्या कार्बन ग्रिडवर सोडा. ग्रिड टिश्यूवर ठेवू नका, टिश्यू थेंबच शोषून घेतो. दिव्याखाली वाळवून रात्रभर व्हॅक्यूममध्ये ठेवा, नाहीतर उरलेलं सॉल्व्हंट बीमखाली कार्बन होऊन बसेल. फिल्ममध्ये तांबं किंवा झिंक असेल तर तांब्याची ग्रिड टाळा, निकेलची किंवा सोन्याची मागा. तांब्याची के-बीटा रेषा ८.९० वर येते आणि झिंकच्या ८.६४ ला चिकटते.

क्रॉस-सेक्शनची जुनी रीत आजही चालते, फक्त संयम लागतो. फिल्मचे दोन तुकडे, साधारण अडीच मिलिमीटर रुंद, फिल्मच्या बाजू समोरासमोर ठेवून इपॉक्सीने चिकटवायचे आणि क्लॅम्पमध्ये घट्ट दाबून तापवायचे. तापमान आणि वेळ इपॉक्सीच्या पाकिटावर असेल तोच पाळा. इथला दाब फार महत्त्वाचा, कारण इपॉक्सीचा थर एक मायक्रॉनच्या आत यायला हवा. जाड राहिला तर पुढे आयन मिलिंगमध्ये इपॉक्सी आधी झिजतं, फिल्मची कड उघडी पडते आणि पाहायची तीच जागा गोल होऊन नाहीशी होते.

मग लो-स्पीड डायमंड सॉने अर्ध्या मिलिमीटरचे काप घ्यायचे. प्रत्येक काप ३० मायक्रॉनच्या डायमंड लॅपिंग फिल्मपासून १ मायक्रॉनपर्यंत उतरत घासून ८०-१०० मायक्रॉनवर आणायचा. प्रत्येक टप्प्यावर आधीच्या टप्प्याचे ओरखडे पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. पुढे डिम्पलरने, म्हणजे मधोमध खळगा घासणाऱ्या यंत्राने, १५-२० मायक्रॉन. सबस्ट्रेट सिलिकॉनचा असेल तर एक सोय आहे: १० मायक्रॉनच्या आसपास सिलिकॉनमधून तांबडा प्रकाश आरपार दिसू लागतो, आणखी पातळ झालं की नारिंगी, मग पिवळा. काचेला ही सोय नाही.

शेवटी आर्गॉन आयन मिल. ४-५ केव्ही, ४ ते ६ अंशांचा कोन, दोन्ही बाजूंनी, इपॉक्सीच्या रेषेवर भोक पडेपर्यंत. भोक दिसल्यावर लगेच थांबा. कड आणखी पातळ होईल या आशेने अर्धा तास वाढवला की दोन दिवसांचं काम त्या भोकात जातं. मग व्होल्टेज १-२ केव्हीवर आणून १०-२० मिनिटं सफाई, म्हणजे वरचा अमॉर्फस थर निघतो. कॅडमियम सल्फाइड, परॉव्हस्काइट अशा नाजूक फिल्मला नायट्रोजनने गार केलेला स्टेज मागा.

दुसरा मार्ग एफआयबी, म्हणजे गॅलियम आयनांच्या बीमने नमुना कोरणं. जलद, पण महाग. अर्धा दिवस धरून चाला. आधी इलेक्ट्रॉन बीमने प्लॅटिनमचा १००-२०० नॅनोमीटर थर, मगच आयन बीमने एक-दोन मायक्रॉनचा. हा क्रम उलटला तर गॅलियमचा पहिला मार थेट तुमच्या फिल्मच्या माथ्यावर बसतो. ३० केव्हीच्या गॅलियमने सिलिकॉनच्या प्रत्येक बाजूला सुमारे २० नॅनोमीटर अमॉर्फस थर होतो. १०० नॅनोमीटरच्या लॅमेलात (कोरून काढलेला पातळ काप) दोन्ही बाजूंचे मिळून ४० गेले. उरलेल्या ६० मध्ये स्फटिकाच्या रेषा नीट दिसणार कशा? म्हणून शेवटची सफाई आधी ५ आणि मग २ केव्हीवर करा, असं बुकिंगच्या अर्जातच लिहा. न लिहिल्यास ऑपरेटर १०० नॅनोमीटरला थांबतो आणि त्यात त्याची चूक नसते.

फिल्म सच्छिद्र असेल तर लॅमेलावर पडद्याच्या चुण्यांसारख्या उभ्या रेषा येतात. छिद्र आणि भरीव भाग वेगवेगळ्या वेगाने झिजतात म्हणून. तुकडा उलटा बसवून सबस्ट्रेटच्या बाजूने मिलिंग केलं तर बराच फरक पडतो.

डिफ्रॅक्शनच्या रिंगवरून अंतर काढलं, सगळे आकडे निम्मे येतात. आणि कॅडमियम सल्फाइड क्यूबिक की हेक्सागोनल हे एका रेषेच्या अंतरावरून सांगता येईल का?
पीएचडी विद्यार्थी, वाशी

निम्मे येतात कारण तुम्ही व्यास मोजून त्याचा व्यस्त घेतलात. व्यासाचे आधी दोन भाग करा. झिंक ऑक्साइडची रिंग ७.६९ प्रति नॅनोमीटर व्यासाची आली तर त्रिज्या ३.८४५, तिचा व्यस्त ०.२६० नॅनोमीटर. ही (००२). तिच्या आतली (१००) ०.२८१ ला आणि बाहेरची (१०१) ०.२४८ ला यायला हवी. तिन्ही एकाच प्रमाणात सरकलेल्या दिसल्या तर पदार्थ बरोबर आहे आणि कॅमेरा लेंग्थ (रिंगचं माप ठरवणारं अंतर) चुकली आहे. सोन्याच्या किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या प्रमाणित नमुन्यावर ती त्याच दिवशी, त्याच फोकसला तपासून घ्या.

कॅडमियम सल्फाइडचं उत्तर: नाही. क्यूबिकची (१११) आणि हेक्सागोनलची (००२) दोन्ही ०.३३६ नॅनोमीटरवर येतात. हाय रिझोल्यूशन चित्रात ०.३३६ च्या रेषा दाखवून 'हेक्सागोनल सिद्ध' म्हणणारे अहवाल पुष्कळ आहेत, त्यात भर नको. हेक्सागोनलच्या ०.३५८ आणि ०.३१६ या रिंग क्यूबिकमध्ये नसतात. त्या शोधा. केमिकल बाथच्या फिल्ममध्ये दोन्ही फेज एकाच दाण्यात थर चुकून मिसळलेल्याही असतात. तिथे 'मिश्र' लिहिणं हेच प्रामाणिक उत्तर.

आमच्या कंपनीचं जुनं टंगस्टन एसईएम रेल्वेमार्गाजवळच्या इमारतीत आहे. लोकल गेली की कडा करवतीसारख्या दिसतात. कंपन आहे की आणखी काही?
रबाळे एमआयडीसी

दोन्ही असू शकतं, पण ओळखता येतं. मुंबईच्या लोकल आता २५ केव्ही एसीवर, ५० हर्ट्झवर धावतात. त्या करंटचं चुंबकीय क्षेत्र बीम वाकवतं. ५० हर्ट्झ म्हणजे २० मिलिसेकंदांचं एक आवर्तन. स्कॅनची एक ओळ २ मिलिसेकंदांत होत असेल तर करवतीचा एक दात साधारण दहा ओळींचा येईल. स्कॅन दुप्पट जलद करा, दात वीस ओळींचा झाला पाहिजे. हे गणित जमलं तर कारण ५० हर्ट्झ. जमलं नाही आणि दात फार लांब, संथ असतील तर जमिनीचं कंपन पाहा. ते बहुधा २० हर्ट्झच्या खाली असतं.

५० हर्ट्झ ठरल्यावर रेल्वेला दोष देण्याआधी खोलीतलं यूपीएस, स्टॅबिलायझर, चिलर कॉलमपासून दोन-तीन मीटर लांब हलवा. अनेकदा खरा गुन्हेगार घरातलाच निघतो. वर्किंग डिस्टन्स (भिंगापासून नमुन्यापर्यंतचं अंतर) १५ मिलिमीटरवरून ५-८ वर आणा. बीमचा उघडा प्रवास कमी झाला की विचलनही कमी होतं. व्होल्टेज वाढवल्यानेही कडा सरळ होतात, पण वर सांगितल्याप्रमाणे खोली वाढते. काही मशीनवर स्कॅन मेन्सशी जुळवायची सोय असते. तिने प्रत्येक ओळ सारखीच सरकते, म्हणून कडा सरळ दिसतात. मात्र चित्र थोडं वाकडंच राहतं. बघायला ठीक, लांबी मोजायला नाही.

इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपची चित्रं रंगीत का छापतात? आणि साधा मायक्रोस्कोप का पुरत नाही?
शाळेतील विज्ञान शिक्षक, ठाणे पश्चिम

रंग नंतर संगणकावर भरलेले असतात. मशीन फक्त कुठून किती इलेक्ट्रॉन आले ते मोजतं, म्हणून मूळ चित्र करडंच. दृश्य प्रकाशाची तरंगलांबी ४०० ते ७०० नॅनोमीटर, त्यामुळे साधारण २०० नॅनोमीटरपेक्षा जवळचे दोन बिंदू वेगळे दिसत नाहीत. २०० केव्हीच्या इलेक्ट्रॉनची तरंगलांबी ०.००२५ नॅनोमीटर आहे. तरीही नेहमीच्या टीईएममध्ये ०.२ नॅनोमीटरच्या आसपासच दिसतं, कारण चुंबकीय भिंगं काचेच्या भिंगांइतकी निर्दोष करता येत नाहीत. मुलांना सांगायला एक गोष्ट: अर्न्स्ट रुस्का यांनी मॅक्स नॉल यांच्यासोबत पहिलं असं यंत्र बर्लिनमध्ये १९३१ साली उभं केलं, आणि रुस्का यांना नोबेल मिळालं १९८६ मध्ये.

पावसाळ्यात नमुने कसे न्यायचे? आणि जवळ मशीन कुठे मिळेल?
बरीच पत्रं

नमुना पेट्री डिशमध्ये, फिल्मची बाजू वर, खालून दुहेरी टेपच्या छोट्या तुकड्याने चिकटवलेला. कापूस किंवा टिश्यू फिल्मला लागू देऊ नका, त्याचे धागे एसईएममध्ये दोरखंडासारखे दिसतात. डिश झिप पिशवीत सिलिका जेलसह ठेवा. निळं जेल गुलाबी झालं असेल किंवा नारिंगी जेल हिरवं, तर ते आधी ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर वाळवून घ्या. कार्बन टेपही दमट हवेत पाणी धरते, म्हणून नमुने आदल्या दिवशी स्टबवर चिकटवून डेसिकेटरमध्ये ठेवा. मागच्या बाजूला डायमंड पेनने नमुन्याचा क्रमांक कोरा. मार्कर पेनची शाई व्हॅक्यूममध्ये वायू सोडते आणि सॉल्व्हंटने पुसलीही जाते. सकाळी साडेआठच्या लोकलमध्ये डिश पाठीवरच्या बॅगेत ठेवू नका. कारण सांगायला नको.

ठाणे-नवी मुंबईला सर्वांत सोयीचं ठिकाण पवईच्या आयआयटी मुंबईतली सैफ, म्हणजे प्रगत विश्लेषण उपकरणांची सुविधा. तिथे बाहेरच्या महाविद्यालयांचे नमुनेही घेतात. देशभरातली उपकरणं शोधायला आणि वेळ मागायला जानेवारी २०२० मध्ये सुरू झालेलं आय-स्टेम पोर्टल आहे. अर्जात फक्त 'एसईएम करणे' लिहू नका. सबस्ट्रेट कोणता, फिल्म किती जाड, कोणतं व्होल्टेज, लेप हवा की नको, किती जागांचे फोटो आणि कोणत्या मॅग्निफिकेशनला, हे सगळं लिहा. नमुना विषारी किंवा चुंबकीय असेल तर तेही आधी सांगा. चुंबकीय भुकटी कॉलममधल्या पोलपीसला (चुंबकीय भिंगाचं टोक) जाऊन चिकटली तर ती काढायला सर्व्हिस इंजिनिअर बोलवावा लागतो.